एक सुमन उंच

साहेबांना खांदा द्यायला आम्ही चौघंच होतो. एरवी मी चारशे सांगितले असते आणि त्यात दोन आमदार घुसवले असते. पण ज्या माणसाबद्दल सांगतोय त्याच्यापुढं फुगवून बोलायची चोरी होती, आणि तो गेला तरी ती धास्ती गेलेली नाही. चौघं म्हणजे चौघंच. मी, त्यांचा पुतण्या, खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला आणि भोसरीचा एक वेल्डर. हा वेल्डर सबंध वाटेत एक अक्षर बोलला नाही.

कासारवाडीत स्टेशनच्या पाठीमागं त्यांची खोली. खाली तिरडी बांधत होते, दोन हार आले होते, आणि मला सारखं वाटत होतं की हा माणूस आता उठून बसणार आणि विचारणार, "ह्या फुलांचं पुढं काय? आन् बांबूचं? कोणत्या गाडीत जाणार हाय हे?" धड उत्तर मिळाल्याशिवाय त्यांनी स्वतःची तिरडीसुद्धा हलू दिली नसती.

साहेब आमच्या कचरा खात्यातले. पदाचं नाव इतकं लांब होतं की ते त्यांना स्वतःलाही कधी पाठ झालं नाही. लोक 'पाचोळासाहेब' म्हणायचे, तोंडावरसुद्धा. ओला कचरा, सुका कचरा हे मानाचे कचरे, ते बाकीच्या साहेबांकडे. त्यात ठेके होते, उद्घाटनं होती, पेपरात फोटो होते. झाडाखालचा पाला, सोसायट्यांच्या बागांतल्या छाटलेल्या फांद्या, कंपन्यांच्या हिरवळीचं कापलेलं गवत, हे कुणालाच नको होतं. ते ह्यांच्या गळ्यात पडलं, आणि ह्यांनी ते दागिन्यासारखं मिरवलं. मी त्यांचा कारकून. टिपण्या लिहायच्या, नकाशे गुंडाळायचे आणि त्यांना मागं बसवून स्कूटर हाकायची.

पायात बाराही महिने गमबूट. पुतण्याच्या लग्नातही गमबूट घालूनच मांडवात आले आणि अक्षता पडल्या रे पडल्या, पहिला प्रश्न केला, "हे कोण झाडणार?" गळ्यात शिंप्याची टेप, डॉक्टरच्या नळीसारखी. मी ऑफिसात सांगायचो की साहेब टेप घालूनच झोपतात आणि सकाळी उठल्या उठल्या स्वतःची उंची मोजतात, रात्रीतून कुणी कापून तर नेली नाही ना म्हणून. हे त्यांच्या कानावर गेलं. मला बोलावून गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "निम्मं खरं हाय. झोपतो टेप घालूनच."

हा निम्म्याचा हिशेब त्यांनी खास माझ्यासाठी काढला होता. मी नवा नवा असताना एकदा धावत जाऊन सांगितलं, की प्राधिकरणात एका सोसायटीबाहेर पाल्याचा डोंगर पडलाय, दोन मजली, आणि त्यात म्हैस अडकलीय. साहेब गमबूट वाजवत निघाले. ढीग कमरेएवढा होता. म्हैस नव्हती. कुत्रं होतं, तेही झोपलेलं. मला वाटलं, आता मेमो. तर त्यांनी ढिगाला टेप लावली, कुत्र्यालाही लावली, आणि म्हणाले, "हे बघ. तू खोटारडा न्हाईस. तू फक्त दुप्पट बोलतोस. काय हरकत न्हाई. तू बोल, मी निम्मं वजा करून ऐकतो."

तेव्हापासून मी तोंड उघडलं की साहेबांचा हात वर. "निम्मं वजा. हां, बोल." भर मीटिंगमध्ये, वरिष्ठांच्या समोर. मी म्हणालो, 'साहेब, तासाभरात आलो', की ते अर्ध्या तासानं दारात उभे. पुढं पुढं मी स्वतःच दुपटीनं बोलायला लागलो, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर बरोबर मापात यावं. आम्हा दोघांचा संसार असा चालला होता.

त्यांना वेड एकच. पाला पेटू द्यायचा नाही. आमच्या पट्ट्यात थंडी पडली की सकाळी सकाळी झाडणारे, वॉचमन, चहावाले, सगळे पाल्याचा ढीग करतात आणि काडी लावतात. काम उरकतं आणि शेकही मिळतो. कंपनीच्या बसची वाट बघणारी पहिल्या शिफ्टची माणसं भोवती हात चोळत उभी. साहेबांना धूर दिसला की स्कूटर थांबलीच पाहिजे. जवळ पाणी नसेल तर डब्यातली आमटी. मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय, मटकीची आमटी, वर लाल तवंग, अख्खा डबा शेकोटीवर उपडा. शेकोटी विझली, पण वास असा सुटला की त्या दिवशी निम्म्या शिफ्टनं कामावर न जाता जेवायला घर गाठलं. ह्यातूनही निम्मं वजा करा.

एक वॉचमन भडकला. "ओ साहेब, थंडीनं मरायचं का आमी?"

"थंडीनं मेलास तर आजच मरशील," साहेब रिकामा डबा लावत म्हणाले. "धुरानं माझ्यावाणी मरशील. सावकाश."

आणि खोकत स्कूटरवर बसले. उभी नोकरी जळते ढीग उपसण्यात गेली होती, त्याचा हा खोकला. साहेबांची प्रत्येक गोष्ट मी लोकांना फुगवून सांगितली. खोकला मात्र कधी फुगवावा लागला नाही.

आता सुमनताई. ह्या भोसरीत एका खोलीत राहायच्या. नवरा वर्कशॉपला होता, तो वारला तेव्हापासून ठेकेदाराकडे पाल्याच्या गाडीवर. उंचीनं एवढ्याशा आणि तोंडानं आमच्या सगळ्या खात्यापेक्षा उंच. तेव्हा पाल्यासाठी वेगळ्या गाड्या नव्हत्या. वाळू-मुरूम वाहून म्हाताऱ्या झालेल्या गाड्या आम्हाला मिळायच्या. त्यांचा फाळका, म्हणजे बाजूची लोखंडी भिंत, चांगला पुरुषभर उंच. पाल्याची गोणी डोक्यावरून आत भिरकवायची. एका पावसाळ्यात ओली गोणी भिरकवताना ताईंचा डावा खांदा निखळला. ठेकेदारानं पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवलं. सोळाव्या दिवशी त्या साहेबांच्या टेबलासमोर उभ्या.

"साहेब, दोनातलं एक करा. एक तर गाडी बुटकी करा, न्हाईतर मला उंच करा. दोन्ही जमत नसंल तर तसं लिहून द्या, म्हंजे देवाकडं जाऊन भांडते."

साहेबांनी गळ्यातली टेप काढली. "ताई, त्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या ऱ्हावा."

"अगं बाई! स्थळ आणलंय का काय माझ्यासाठी?"

"खांदा मोजायचाय. दुखरा न्हाई, चांगला."

"मोजा, मोजा. पर नवरदेव बुटकाच बघा बरं का. मान वर करून भांडायचा मला कटाळा येतो."

सगळं ऑफिस हसत होतं. साहेब हसले नाहीत. त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली, ताईंच्या खांद्याच्या रेषेत चौकटीवर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'सुमन'. मग मला म्हणाले, "लिही. पाल्याच्या गाडीचा फाळका ह्या रेघेच्या वर जायचा न्हाई. बोटभरसुद्धा. सगळ्यात बुटकीला जमलं तर सगळ्यांना जमंल."

त्या दिवसापासून साहेब सगळं शहर सुमनमध्ये मोजायला लागले. बसथांब्याचं छत दोन सुमन. रस्त्याचा दुभाजक अर्धा सुमन. वरिष्ठ साहेब सव्वा सुमन, पण खुर्चीतून उठले तर. ताईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अख्खं शहर माझ्या मापानं मोजतात, आन् पगार तेवढा ठेकेदाराच्या मापानं."

मग साहेबांनी योजना आखायला घेतली. ती त्यांनी टेबलावर आखली नाही, पायांनी आखली. प्रत्येक गल्ली चालले. कुठल्या गल्लीत कुठलं झाड, ते कधी गळतं, एका फाटकापाशी गोणी उचलायला किती वेळ जातो, ते घड्याळ लावून स्वतः उचलून बघायचं. रस्त्यावरचं पान उचलून सांगायचे, "हे त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या सोनमोहराचं हाय," आणि बंगलेवाला 'आमचं नाहीच' म्हणाला की ते पान त्याच्या झाडाच्या फांदीला लावून दाखवायचे, हरवलेलं लेकरू आईकडं द्यावं तसं. सात गाड्या मागितल्या होत्या. प्रत्येक गाडीत दोन कप्पे. एकात पाला, तो उद्यानांच्या खड्ड्यात जाऊन खत होणार. दुसऱ्यात सोसायट्यांचा पुठ्ठा, प्लास्टिक, बाटल्या. तो माल निवडून भंगारवाल्याला विकायचा आणि ते पैसे गाडीवरच्या बायकांचे, ठेकेदाराचे नव्हेत. आणि ह्या सगळ्याच्या वर, पहिल्याच पानावर, फाळक्याची उंची.

फाईल गेली. वर्षभरानं शेरा आला, 'योजना स्तुत्य आहे. निधी उपलब्ध नाही.' पुढच्या वर्षी पुन्हा गेली. पुन्हा स्तुत्य. तिसऱ्या वर्षी एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, "पालाच तर आहे. त्याला कशाला पैसे लागतात?" दुसरा म्हणाला, "झाडंच कमी केली तर?" आणि हे तो गंमत म्हणून म्हणत नव्हता. साहेब उठले, खोकले, फाईल गमबुटात खोचली आणि बाहेर पडले. फाईल गमबुटात मावत नाही म्हणाल. साहेबांच्या मावायची.

तेव्हा मीच त्यांना चाकणचं सुचवलं. तिथल्या कंपन्यांकडे समाजकार्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा असतो, तो त्यांना कुठं ना कुठं लावावाच लागतो. चार कंपन्यांच्या गेटवरून गमबूट बघून परत पाठवलं. पाचवीनं आत घेतलं. काचेची इमारत, पुढं एवढं गवत की आमच्या भोसरीच्या सगळ्या म्हशी जन्मभर चरल्या असत्या. तिथला पैसे देणारा अधिकारी तरुण, गोरागोमटा, चांगला मुलगा होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ह्या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलात तर हाती लागायचा नाही.

त्यानं नकाशे पाहिले. आवडले. म्हणाला, "सर, सातही गाड्या आम्ही देतो. आमची एकच रिक्वायरमेंट आहे. ब्रँडिंग. कंपनीचं नाव हायवेवरून वाचता आलं पाहिजे. ही बॉडी फार लो आहे, शेजारी कार उभी राहिली की नाव झाकलं जातं. थोडी हाइट वाढवा. नऊ इंच."

"न्हाई," साहेब म्हणाले.

"सर, नऊ इंच फक्त."

"वीत हाय ती. वीत लई होती."

साहेबांनी नकाशे गोळा करायला घेतले. मला सात गाड्या दारातून परत जाताना दिसल्या. तीन वर्षांची पायपीट, ताईंचा सुका माल, सगळं त्यांच्या मागोमाग. आणि माझी जीभ सुटली.

"अहो सर, एका वितीचं काय घेऊन बसलात! आमच्या बाया म्हणजे काय सांगू तुम्हाला. आमच्या सुमनताई एका हातानं अशी गोणी उडवतात, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नेऊन ठेवतील. वीत काय, हातभर वाढवलं तरी त्यांना कळायचं नाही!"

तो मुलगा खळखळून हसला आणि त्यानं लिहून घेतलं. त्याला निम्मं वजा करायचं कुणी शिकवलं नव्हतं.

साहेबांचा हात वर उठला. मी रोज बघायचो तसाच. अर्ध्यावर आला, आणि त्यांची नजर काचेच्या बाहेर गेली. कंपनीच्या भिंतीपलीकडं कामगारांच्या भाड्याच्या खोल्या होत्या, त्यांच्या पुढ्यात पाल्याचा ढीग धुमसत होता आणि धूर सरळ खोल्यांत शिरत होता. साहेब बघत राहिले. हात खाली आला. त्यांनी सही केली.

परतताना मोशीला मागून आवाज आला, "निम्मं वजा म्हणायला पायजे हुतं."

"साहेब, सात गाड्या!" मी म्हणालो.

"व्हय. सात."

ऑफिसात आल्यावर कागद मीच केला. त्यातलं एक वाक्य माझ्या हातचं आहे: 'फाळक्याची उंची आवश्यकतेनुसार ठेवण्यात यावी.' आवश्यकता कुणाची, ते वाक्यात नाही. असली वाक्यं लिहिण्यात माझा हात धरणारा खात्यात कुणी नव्हता.

गाड्या आल्या. नारळ फुटला, पेढे वाटले, कंपनीचं निळं नाव उन्हात चमकत होतं. सुमनताई नवी साडी नेसून आल्या होत्या. त्या गाडीपाशी गेल्या आणि फाळक्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, ऑफिसच्या चौकटीला राहिल्या होत्या तशा. कड त्यांच्या कानाच्या वर गेली होती. त्यांनी मान वळवून कडेकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"साहेब, मी बुटकी झाले का हो?"

साहेबांनी कडेला टेप लावून पाहिली. मग म्हणाले, "ताई, एवढं वर्स काढा. पुढच्या वर्सी मी कापून घेतो."

"कापा सवडीनं," ताई म्हणाल्या. "सुका माल तरी आमचा झाला." आणि त्यांनी एक पेढा जास्तीचा मागून घेतला.

तो हिवाळा आणि उन्हाळा झोकात गेला. फाल्गुनातली पानं गळाली ती पापडासारखी, गोणी लहान पोरानं उचलावी. शेकोट्या कमी झाल्या. साहेबांची आमटी त्यांच्या पोटात जायला लागली. ताई गाडीवर उभ्या राहून बाकीच्या बायकांना हुकूम सोडायच्या आणि भंगारवाल्याशी पैशा-पैशासाठी भांडायच्या. आम्ही सगळे वीत विसरलो. पाला सुका असतो तेव्हा वीत विसरता येते.

भाद्रपद आला. गणपती बसले, गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडवांचा कचरा रस्त्यावर आला. हारांचे ढीग, आंब्याचे डहाळे, आणि प्रत्येक कमानीला बांधलेले केळीचे खांब. केळीचा खांब म्हणजे नुसतं पाणी. त्यात रात्रभर पाऊस. साहेबांनी गल्लीगल्लीत गोणी उचलून पाहिली होती, पण उन्हाळ्यात. केळीचा खांब त्यांच्या वहीत नव्हता.

इथून पुढं काही वजा करू नका.

ताई आणि जोडीदारीण, दोघींनी एक भिजलेली गोणी उचलली. आत खांबाचे तुकडे होते. खांद्यापर्यंत आली. तिथून वर, त्या वितीत, ताईंचा डावा हात जाईना. गोणी कडेवर टेकली, आत गेली नाही, परत फिरली. ताई मागं सरकल्या, पाय झेंडूच्या चिखलावर पडला, आणि त्या पाठीवर पडल्या. मागं दुभाजक होता. अर्धा सुमन.

तिसऱ्या दिवशी त्या दवाखान्यातच वारल्या. शुद्ध आलीच नाही. साहेब तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होते. वॉर्डबॉय सारखा म्हणत होता, "बाबा, बूट काढा, आत चिखल येतोय," आणि त्यांना ऐकू जात नव्हतं. ताईंची लेक आली, हडपसरला दिलेली. तिनं आरडाओरडा केला नाही. साहेबांसमोर उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "गाडी आईच्या मापाची होती ना? ती सगळ्यांना सांगायची, माझ्या मापाच्या गाड्या येणार हायत."

त्यानंतरच्या रविवारी साहेबांनी भोसरीच्या वर्कशॉपमधला वेल्डर गाठला, हाच तो, गॅसकटरवाला. सातही गाड्या आवारात ओळीनं लावल्या होत्या. परवानगी कुणाची घेतली नाही. साहेबांनी गळ्यातली टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि प्रत्येक फाळक्यावर खडूनं रेघ मारत गेले. वेल्डर मागून कापत आला. ठिणग्या उडत होत्या. कापलेल्या पट्ट्या घणघणत खाली पडत होत्या, आणि त्यांच्याबरोबर कंपनीच्या नावाची वरची अर्धी अक्षरं. खाली जे उरलं ते कुठल्या भाषेत आहे हेच कळेना. सातवी गाडी झाल्यावर साहेबांनी एक पट्टी उचलली, तिची रुंदी मोजली. म्हणाले, "वीत," आणि ती ठेवून दिली.

चौकशी लागली. देणगीदाराच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण, अधिकाराबाहेरचं वर्तन, असं बरंच काही. ताईंच्या मृत्यूबद्दल वेगळं कलम नव्हतं. त्या ठेकेदाराच्या होत्या. चौकशीचा वृत्तांत लिहायला कारकून हवा होता. तो मीच.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "मुळात उंची वाढवायला हरकत नाही, असं कंपनीला कुणी सांगितलं?"

खोलीत पंखा फिरत होता. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला. मला वाटलं, आलं आता. माझ्या हातातला पेन कागदाला चिकटला.

"सही माझी हाय," साहेब म्हणाले. आणि मला, रोजच्याच आवाजात, "लिही."

मी लिहिलं.

त्यांना सक्तीनं घरी बसवलं. मी तसाच राहिलो, पुढं बढतीही मिळाली. सात गाड्या अर्ध्या नावानं पुष्कळ वर्षं फिरल्या. बायका त्यांना 'सुमनच्या गाड्या' म्हणायच्या आणि ड्यूटी त्यांच्यावरच लागावी म्हणून मुकादमाशी भांडायच्या. त्या गाड्यांवर एकीचाही खांदा गेला नाही. साहेब रोज सकाळी कासारवाडीच्या कोपऱ्यावर उभे राहायचे, गाडी आली की टेप लावून कड तपासायचे, लोखंड काही रात्रीतून वाढत नाही हे माहीत असूनही. पुढं जिना उतरणं बंद झालं. फुप्फुसांत काही उरलं नव्हतं.

मग त्या गाड्या भंगारात निघाल्या. नव्या आल्या. एका ठेकेदाराच्या, तयार बॉडीच्या, चकचकीत. फाळका किती असावा हे कुणी कुणाला विचारलंच नाही. मी एक टिपणी ठेवली, जुन्या मापाची. ती 'स्तुत्य' होऊन परत आली.

गेल्या महिन्यात साहेबांना भेटायला गेलो. जिना चढताना खोटं तयार केलं होतं. सांगायचं, गाड्या अगदी ताईंच्या खांद्याएवढ्या आहेत, माणूस सुखानं जाऊ दे. आत गेलो. साहेब उशीला टेकून बसले होते, श्वास शिट्टीसारखा. पायात गमबूट नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय पहिल्यांदा पाहिले, पांढरे, एवढेसे. गळ्यात टेप होती.

"नव्या गाड्या आल्यात म्हणं," ते म्हणाले. "फाळका किती?"

मी तोंड उघडलं, पण तयार केलेलं खोटं बाहेर येईना.

"उंच आहे, साहेब. ताईंच्या खांद्याच्या वर हातभर. डोक्याच्याही वर जातो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पांघरुणातून हात निघाला, हळूहळू, पूर्ण वर आला. आणि ते हसले.

"निम्मं वजा," साहेब म्हणाले. "म्हंजे वीत. एवढंच ना? वीत तर आपण एकदा कापलीय. पुन्हा कापू. त्या भोसरीच्या पोराला निरोप धाड."

"साहेब, मी खरंच सांगतोय. हातभर..."

"हां, हां. बोल तू. मी ऐकतोय." डोळे मिटून घेतले होते, हसू तसंच होतं. गळ्यातली टेप काढून त्यांनी माझ्या हातात कोंबली. "आधी माप घे, मग काप."

चार दिवसांनी आम्ही चौघांनी त्यांना नेलं. स्मशानातून परतताना वेल्डर पहिल्यांदा बोलला. "साहेबांचा निरोप पुतण्यानं दिला होता. कधी कापायच्या?" मी म्हणालो, "कळवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत नवी गाडी आली. गाडीवरची बाई नवी होती, ताईंच्याच उंचीची. ती गोणी खाली ठेवून, कमरेवर हात देऊन वर कडेकडं बघत उभी होती. मी खिशातून टेप काढली, तिला म्हणालो, "ताई, जरा पाठ लावून उभ्या राहता का इथं?" तिनं माझ्याकडं संशयानं पाहिलं, पण राहिली. मी तिच्या खांद्यापासून कडेपर्यंत माप घेतलं. पुन्हा घेतलं. टेप उलटी धरून घेतलं.

पुरता हात भरला. त्यातून काहीही वजा जात नव्हतं.